बंद पडलेल्या मोबाईल बॅटरीचे पुनरुज्जीवन : घरच्या घरी काय शक्य, काय धोक्याचे

न्यू टाउन (कोलकाता) : मोबाईल फोन चार्जिंगला लावूनही सुरू होत नसेल, तर त्याची बॅटरी ‘मेली’ असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात अशा फोनपैकी अनेकांची बॅटरी निकामी झालेली नसते. ती पूर्ण रिकामी झालेली असते किंवा तिच्यातील संरक्षक सर्किटने तिला तात्पुरते बंद केलेले असते. या दोन्ही अवस्थांतून ती घरच्या घरी, कोणतेही अवजार न वापरता, केवळ योग्य चार्जर आणि थोडा संयम यांच्या बळावर पूर्ववत होऊ शकते. तिसरी अवस्था मात्र खऱ्या अर्थाने निकामी होण्याची आहे. त्या अवस्थेतील बॅटरी जिवंत करण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो, शिवाय आगीला निमंत्रण देणारा ठरू शकतो. म्हणून बॅटरीवर कोणताही उपाय करण्यापूर्वी ती नेमक्या कोणत्या अवस्थेत आहे, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे असते.

कोलकाता आणि मोबाईल

भारतातील मोबाईल सेवेचा इतिहास कोलकात्यापासूनच सुरू होतो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तेव्हाच्या कलकत्त्यातून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी संपर्क साधला. मोदी टेलस्ट्रा या कंपनीच्या सेवेवरून झालेला हा संवाद देशातील पहिला मोबाईल कॉल मानला जातो. त्या काळातील मोबाईल संच महाग होते. त्यांच्या बॅटऱ्या जाडजूड, काढता-घालता येणाऱ्या आणि बहुतांशी निकेलवर आधारित असत.

शहराच्या ईशान्येला, उत्तर २४ परगणा जिल्ह्यातील राजारहाट परिसरात वसविण्यात आलेले न्यू टाउन हे नियोजित उपनगर आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि उंच निवासी इमारतींसाठी ओळखले जाते. बँकेचा एकवेळ संकेतांक, यूपीआयद्वारे पैसे देणे, प्रवासासाठी वाहन मागविणे, कार्यालयातील प्रवेश अशी अनेक कामे अशा वस्तीत मोबाईलवर अवलंबून असतात. घरपोच वस्तू पोहोचविणाऱ्या कामगारांचा तर दिवसाचा रोजगारच फोनवर चालतो. फोन बंद पडणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ गैरसोय राहत नाही.

या अवलंबित्वाची तीव्र जाणीव मे २०२० मध्ये झाली. २० मे रोजी अम्फान चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर धडकले. कोलकाता तसेच उत्तर आणि दक्षिण २४ परगणा या जिल्ह्यांत हजारो झाडे आणि विजेचे खांब कोसळले. अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाईल सेवाही विस्कळीत झाली होती. रस्त्यांवरील झाडे हटविण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चार्ज असलेला फोन हाच अनेकांसाठी नातेवाइकांशी आणि मदत यंत्रणांशी संपर्काचा एकमेव मार्ग होता.

निकेलकडून लिथियमकडे

बॅटरी जिवंत करण्याचे जे घरगुती उपाय आजही सांगितले जातात, त्यांपैकी काहींचे मूळ निकेल बॅटऱ्यांच्या काळात आहे. स्वीडिश संशोधक वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी विकसित केली. अर्धवट वापरून वारंवार चार्ज केल्यास अशा बॅटरीची उपयुक्त क्षमता कमी झाल्यासारखी वाटे. यालाच ‘स्मृती परिणाम’ असे नाव पडले. त्यावर उपाय म्हणून बॅटरी अधूनमधून पूर्ण संपवून पुन्हा पूर्ण चार्ज करण्याचा सल्ला दिला जाई. निकेल बॅटरीपुरता तो योग्यही होता.

आजच्या मोबाईल फोनमध्ये लिथियम-आयन किंवा त्याच कुळातील लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतील संशोधनातून हे तंत्रज्ञान आकाराला आले. सोनी कंपनीने १९९१ मध्ये पहिली व्यावसायिक लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. लिथियम-आयन बॅटरीत स्मृती परिणामाची व्यवहारात अडचण येत नाही. उलट ती वारंवार पूर्ण रिकामी केल्याने तिचे आयुष्य घटते. बॅटरीचा प्रकार बदलला तरी जुने सल्ले तसेच राहिले आणि त्यातून अनेक गैरसमज टिकून राहिले.

बॅटरीच्या आत काय घडते

लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात. धन इलेक्ट्रोड लिथियमयुक्त धातू-ऑक्साइडचा असतो, तर ऋण इलेक्ट्रोड प्रामुख्याने ग्रॅफाइटचा असतो. दोहोंच्या मध्ये अतिशय पातळ सच्छिद्र पडदा असून सर्वत्र ज्वलनशील सेंद्रिय द्रव भरलेला असतो. चार्जिंग करताना लिथियमचे आयन धन इलेक्ट्रोडकडून ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना ते उलट दिशेने परततात. ग्रॅफाइटला आधार देणारा पातळ पत्रा तांब्याचा, तर दुसऱ्या बाजूचा ॲल्युमिनियमचा असतो.

अशा सेलचे सरासरी व्होल्टेज सुमारे ३.७ व्होल्ट असते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे व्होल्टेज साधारण ४.२ व्होल्टपर्यंत, तर काही नव्या सेलमध्ये ४.४ व्होल्टच्या आसपास जाते. व्होल्टेज ३ ते ३.४ व्होल्टपर्यंत उतरले की फोन स्वतःहून बंद होतो. पडद्यावर शून्य टक्के दिसत असले तरी त्या वेळी सेलमध्ये थोडी ऊर्जा राखून ठेवलेली असते. ही राखीव ऊर्जा बॅटरीच्या सुरक्षेसाठी आवश्यक असते.

प्रत्येक बॅटरीला एक छोटे संरक्षक सर्किट जोडलेले असते. अतिचार्जिंग, शॉर्ट सर्किट आणि व्होल्टेज अतिशय खाली जाणे यांपासून ते सेलचे रक्षण करते. व्होल्टेज साधारण २.५ व्होल्टच्या आसपास उतरले की हे सर्किट सेलचा बाहेरचा संबंध तोडते. त्यानंतर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावल्यास शून्य व्होल्ट दिसू शकते. वस्तुतः सेल रिकामा असला तरी तो निकामी झालेलाच असतो असे नाही. या स्थितीला बॅटरी ‘झोपणे’ असे म्हणता येईल.

‘मृत’ बॅटरीच्या तीन अवस्था

पहिली अवस्था रिकाम्या बॅटरीची. फोन रोजच्या वापरात होता, चार्ज संपला आणि तो एक-दोन दिवस तसाच राहिला, तर बॅटरी बहुधा याच अवस्थेत असते. चार्जर लावल्यावर काही मिनिटांत पडद्यावर खूण दिसते.

दुसरी अवस्था झोपलेल्या बॅटरीची. जुना फोन चार्ज संपलेल्या स्थितीत काही महिने कपाटात पडून राहिला की ती उद्भवते. बंद फोनमध्येही बॅटरी अतिशय मंद गतीने आपोआप रिकामी होत राहते आणि अखेरीस संरक्षक सर्किट तिचा संबंध तोडते. अशा फोनला चार्जर लावल्यावर बराच वेळ काहीच दिसत नाही. तथापि आत काम सुरू झालेले असू शकते. फोनमधील चार्जिंग नियंत्रक चिप सुरुवातीला नेहमीच्या प्रवाहाच्या सुमारे एक दशांश इतकाच प्रवाह सोडते. सेलचे व्होल्टेज सुमारे ३ व्होल्टपर्यंत आल्यानंतरच ती पूर्ण प्रवाह सुरू करते. खोलवर रिकाम्या झालेल्या सेलवर एकदम मोठा प्रवाह सोडणे घातक असल्याने ही योजना केलेली असते.

तिसरी अवस्था निकामी बॅटरीची. तिची कारणे वेगवेगळी असतात. शेकडो वेळा चार्ज झाल्यामुळे क्षमता घटलेली आणि अंतर्गत रोध वाढलेला असतो, सेल फुगलेला असतो, त्यात पाणी शिरलेले असते, किंवा तो अतिशय कमी व्होल्टेजवर दीर्घकाळ पडून राहिलेला असतो. सेलचे व्होल्टेज दीड व्होल्टच्या खाली जाऊन आठवडा किंवा त्याहून अधिक काळ राहिले, तर ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढे चार्जिंग करताना हेच तांबे आत सूक्ष्म कणांच्या रूपाने जमा होऊन दोन इलेक्ट्रोडना जोडणारा मार्ग तयार करू शकते. परिणामी सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. म्हणूनच काही संरक्षक सर्किटांमध्ये शून्य व्होल्टच्या सेलला चार्जिंग नाकारण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते.

घरी करावयाची कृती

बॅटरी फुगलेली नाही, फोन भिजलेला नाही आणि त्याला जळका किंवा गोडसर रासायनिक वास येत नाही, याची खात्री झाल्यावरच पुढील कृती करावी.

१. दोष बॅटरीबाहेर आहे का, हे आधी पाहावे. चार्जर आणि केबल दुसऱ्या चालू फोनला लावून तपासावी. सॉकेटमध्ये वीज आहे का, हेही पाहावे. केबल वारंवार वाकून आतून तुटणे हे चार्जिंग न होण्याचे नेहमीचे कारण आहे.

२. चार्जिंगचे छिद्र उजेडात पाहावे. खिशातील कापसाचे तंतू आणि धूळ तेथे घट्ट बसते आणि केबलची पिन आतपर्यंत पोहोचत नाही. फोन बंद ठेवून कोरड्या लाकडी दातकोरणीने ही घाण हलक्या हाताने काढावी. सुई किंवा टाचणी वापरू नये.

३. फोन खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. उन्हात तापलेल्या गाडीतून आणलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. कव्हर काढून तो फरशीसारख्या कठीण, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा. गादी, उशी किंवा सोफा यांवर ठेवू नये.

४. फोनसोबतचा मूळ किंवा त्याच दर्जाचा चार्जर भिंतीवरील सॉकेटला लावावा. संगणकाच्या जुन्या यूएसबी छिद्रातून केवळ ५०० मिलीअँपिअर प्रवाह मिळतो. त्यावर ५,००० एमएएच क्षमतेची बॅटरी भरण्यास दहा तासांहून अधिक काळ लागेल.

५. पडद्यावर काही दिसत नसले तरी किमान अर्धा तास केबल काढू नये. दर दोन मिनिटांनी बटण दाबून पाहणे टाळावे, कारण फोन सुरू होण्याच्या प्रयत्नात जमा झालेली थोडी ऊर्जाही खर्च होते.

६. त्यानंतर चार्जर लावलेला असतानाच सक्तीने पुन्हा सुरू करण्याची कृती करावी. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र १० ते ३० सेकंद दाबून ठेवतात. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये आवाज वाढविण्याचे, मग आवाज कमी करण्याचे बटण दाबून सोडतात आणि नंतर बाजूचे बटण खूण दिसेपर्यंत दाबून धरतात. बॅटरी ठीक असूनही प्रणाली गोठल्यामुळे फोन ‘मेलेला’ भासणे असामान्य नाही.

७. प्रतिसाद न मिळाल्यास दुसऱ्या चार्जरने आणखी दोन-तीन तास प्रयत्न करावा. या काळात फोनजवळ जागे कोणीतरी असावे. फोन स्पर्शाला नकोसा गरम लागल्यास प्रयत्न तत्काळ थांबवावा.

८. फोन सुरू झाल्यास तो एकदा सलगपणे पूर्ण चार्ज करावा आणि पुढील काही दिवस निरीक्षण करावे. तो पूर्वीपेक्षा जास्त तापत असेल किंवा टक्केवारी झपाट्याने उतरत असेल, तर बॅटरी बदलणे इष्ट ठरते.

एवढ्या प्रयत्नांनंतरही फोन सुरू न झाल्यास घरचे उपाय तेथेच संपतात. अधिकृत सेवा केंद्रात किंवा जाणकार दुरुस्ती दुकानात नियंत्रित प्रवाह देणारी उपकरणे असतात. त्यावरून दोष बॅटरीत आहे, चार्जिंगच्या छिद्रात आहे की मुख्य सर्किटमध्ये, हे ठरविता येते.

काढता येणाऱ्या बॅटरीसाठी

साध्या कीपॅड फोनमधील बॅटरी काढता येते. तिच्या धातूच्या पट्ट्यांवर दमट हवेत मळ आणि गंज साचतो. कोलकाता किंवा कोकण किनारपट्टीसारख्या प्रदेशात हे विशेषत्वाने आढळते. बॅटरी बाहेर काढून या पट्ट्या कोरड्या सुती कापडाने किंवा खोडरबराने हळुवार पुसल्यास अनेकदा फोन पूर्ववत होतो. धन आणि ऋण पट्ट्या एकाच वेळी धातूच्या वस्तूला लागू देऊ नयेत. सुटी बॅटरी खिशात किंवा पर्समध्ये किल्ल्या आणि नाण्यांसोबत ठेवू नये.

या प्रकारातील बॅटरीबाबत भारतात मोठी खळबळ उडाली ती २००७ मध्ये. नोकिया कंपनीने १४ ऑगस्ट २००७ रोजी आपल्या बीएल-५सी बॅटरीसंबंधी सूचना प्रसिद्ध केली. जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगदरम्यान शॉर्ट सर्किट होऊन अतिशय तापण्याची शक्यता असल्याचे त्यात म्हटले होते. जगभरातून अशा सुमारे १०० घटना कळविण्यात आल्या होत्या. बीएल-५सी ही भारतात घरोघरी पोहोचलेली बॅटरी असल्याने ग्राहकांमध्ये भीती पसरली. बॅटरीवरील क्रमांक तपासून सदोष बॅटरी विनामूल्य बदलून देण्यात आल्या.

प्रचलित उपाय आणि वस्तुस्थिती

फ्रीजरमध्ये ठेवणे : थंडीत बॅटरीचे आपोआप रिकामे होणे मंदावते, हे खरे आहे. परंतु गेलेला चार्ज थंडीने परत येत नाही. फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर दमट हवेतील बाष्प फोनच्या आत साचते. शून्य अंश सेल्सिअसखालील सेल चार्ज केल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात जमा होते. त्यामुळे क्षमता कायमची घटते आणि आतल्या आत शॉर्ट सर्किटचा धोका वाढतो.

९ व्होल्टच्या बॅटरीने ‘झटका’ देणे : दोन तारा जोडून ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीने मोबाईलची बॅटरी जागी करण्याचा प्रकार सर्वाधिक धोक्याचा आहे. हे व्होल्टेज मोबाईल सेलच्या कमाल मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे आणि प्रवाहावर कोणतेही नियंत्रण नसते. ध्रुव उलटे जोडले गेल्यास धोका आणखी वाढतो. चार्जरची केबल कापून तारा थेट बॅटरीला लावणे हेही तितकेच घातक आहे.

बॅटरी आपटणे, दाबणे किंवा तापविणे : आतील पडदा अतिशय पातळ असतो. दाबाने किंवा उष्णतेने तो फाटला तर दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात. त्यातून निर्माण होणारी उष्णता पुढील रासायनिक क्रिया भडकविते आणि काही सेकंदांत बॅटरी पेट घेऊ शकते.

पूर्ण संपवून पूर्ण भरणे : याने क्षमता परत येत नाही. मात्र पडद्यावर दिसणारी टक्केवारी हा एक अंदाज असतो. तो चुकत असल्यास, उदाहरणार्थ ३० टक्क्यांवर फोन अचानक बंद होत असल्यास, एखादे वेळी असे केल्याने मोजमाप सुधारू शकते. तरीही फोन बंद होत राहिल्यास बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला आहे, असे समजावे.

भिजलेला फोन तांदळात ठेवणे : पावसाळ्यात हा उपाय हमखास केला जातो. तांदूळ फोनच्या आतील पाणी शोषून घेत नाही. उलट त्याची भुकटी छिद्रांत जाते. फोन बंद करून, चार्जिंगचे छिद्र खाली करून, हवेशीर जागी वाळू द्यावा. तो कोरडा होईपर्यंत चार्जर लावू नये. पुराच्या गढूळ किंवा खाऱ्या पाण्यात बुडालेला फोन वरून कोरडा दिसला तरी तपासणीशिवाय चार्ज करणे योग्य नाही.

कोणती बॅटरी जिवंत करू नये

फोनची मागची बाजू किंवा पडदा उचलला गेला असेल, सपाट टेबलावर फोन डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगल्याची ती खूण असते. आतील द्रवाचे विघटन होऊन वायू साचल्याने असे घडते. फुगलेल्या बॅटरीला टाचणीने भोक पाडून वायू काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. आतील द्रव ज्वलनशील असतो आणि त्यातील लिथियम क्षाराचा बाष्पाशी संबंध आल्यास विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होते. असा फोन बंद करून चार्जिंगविना, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा आणि सेवा केंद्राकडे सोपवावा.

बड्या कंपन्यांनाही या धोक्याला तोंड द्यावे लागले आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला. त्याला आगी लागण्याच्या घटनांनंतर सप्टेंबरमध्ये तो परत मागविण्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच थांबविण्यात आले. दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमधील दोषांमुळे अंतर्गत शॉर्ट सर्किट होत असल्याचा निष्कर्ष कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केला.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा पुढे मृत्यू झाला. वाहनाची बॅटरी मोबाईलच्या तुलनेत कितीतरी मोठी असते. मोबाईलच्या ५,००० एमएएच बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा असते. परंतु दोन्हींतील रसायनशास्त्र एकाच प्रकारचे आहे, आणि पेटती मोबाईल बॅटरीही अंथरुणाला आग लावण्यास पुरेशी ठरते.

बॅटरीने पेट घेतल्यास

चार्जर लावलेला असल्यास आणि सुरक्षितपणे शक्य असल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा. फोन हातात उचलून पळू नये. वीजपुरवठा तुटल्यानंतर मोबाईलसारख्या लहान उपकरणावर भरपूर पाणी ओतणे उपयुक्त ठरते, कारण सेल थंड करणे हाच ज्वाला पुन्हा भडकू न देण्याचा मार्ग असतो. धूर विषारी असल्याने खोलीतून बाहेर पडावे, लहान मुले आणि ज्येष्ठांना प्रथम हलवावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

नवी बॅटरी घेताना

बॅटरी बदलणे हा अनेकदा सर्वांत सुरक्षित आणि किफायतशीर ‘पुनर्जन्म’ असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरींना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. आयएस १६०४६ हे त्यासंबंधीचे मानक असून नोंदणी क्रमांक बॅटरीवर छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो पडताळून पाहता येतो. अवास्तव क्षमता छापलेली, क्रमांक नसलेली किंवा मूळ बॅटरीपेक्षा लक्षणीय हलकी बॅटरी घेऊ नये. अनेक वर्षे दुकानात पडून असलेली ‘नवी’ बॅटरीही वयाने जुनीच असते. त्यामुळे उत्पादनाची तारीख पाहावी.

जुनी बॅटरी कोठे द्यावी

निकामी बॅटरी घरातील कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत दाबली गेल्याने तिला आग लागू शकते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. त्यांनी २००१ च्या जुन्या नियमांची जागा घेतली. या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर किंवा पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. संपूर्ण फोन टाकून द्यावयाचा असल्यास १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम लागू होतात. बॅटरीवरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह हीच सूचना देते. सेवा केंद्राकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडे सोपविण्यापूर्वी सुट्या बॅटरीच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी. कोबाल्ट, निकेल, तांबे आणि लिथियम हे मौल्यवान घटक अशा बॅटऱ्यांतून परत मिळविता येतात.

बॅटरी अकाली मरू नये म्हणून

उष्णता हा लिथियम-आयन बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. अनेक उत्पादक फोनच्या वापरासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात. कोलकात्याचा उन्हाळा असो वा विदर्भाचा, ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे चार्जिंग करताना जड खेळ खेळणे, उन्हात फोन ठेवणे टाळावे. रोजच्या वापरात चार्ज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवल्यास बॅटरीवरील ताण कमी होतो. अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय दिलेली असते. जुना फोन ठेवून द्यावयाचा असल्यास तो सुमारे ५० टक्के चार्ज करून, बंद करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा त्या पातळीवर आणावा. बॅटरी ‘झोपण्याची’ वेळ त्यामुळे येत नाही.

वादळाची किंवा अतिवृष्टीची पूर्वसूचना मिळाल्यास मात्र हा नियम बाजूला ठेवून फोन आणि पॉवर बँक पूर्ण चार्ज करून ठेवावी. वीज गेल्यानंतर बचत मोड सुरू करावा, पडद्याचा उजेड कमी करावा आणि नेटवर्क नसलेल्या ठिकाणी विमान मोड लावावा. सिग्नल शोधत राहण्यातच फोनची बरीच ऊर्जा खर्च होते.

कितीही काळजी घेतली तरी बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनसाठी नियम लागू केले असून ८०० चार्जिंग चक्रांनंतरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता शिल्लक राहणे त्यात अपेक्षित आहे. तेथील स्वतंत्र बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरकर्त्याला सहज काढता आणि बदलता येईल अशी रचना करणे, काही अपवाद वगळता, बंधनकारक होणार आहे. भारतातही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले असून सहभागी कंपन्यांच्या उत्पादनांची दुरुस्ती, सुटे भाग आणि सेवा केंद्रे यांची माहिती त्यावर उपलब्ध करून देण्यात आली आहे.